डाव्या हाताचा वाघ

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाच आणि चष्मा हातात धरू नकोस, आपटशील.

रहिवासी संघाने यंदाच्या मेळाव्यात मला विश्रांती बहाल केली आहे. अकरा वर्षं मी तिथे हौसेने मुलांचे चेहरे रंगवते आहे. परवा चिटणीस घरी आले, सोफ्याच्या अगदी कडेला टेकले (आजारी माणसाच्या घरी लोक असेच बसतात, जणू सोफ्यालाही लागण होते) आणि म्हणाले की माझ्या तब्येतीचा विचार करून ते टेबल आता त्यांच्या सूनबाई सांभाळतील. मला 'हरवलं-सापडलं'च्या टेबलावर बसवलं आहे. छत्र्या, डबे, एकेकटे बूट आणि मी.

उजवा हात थरथरतो हे कबूल. मार्चमधल्या त्या अर्धांगाच्या झटक्यापासून माझा चहा निम्मा बशीतच पोचतो. पण मला हात दोन आहेत, हे संघाच्या दप्तरात कुठे नोंदलेलं दिसत नाही. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता डावा हात शिकवायला काढला आहे. त्याची पाटी म्हणजे आमच्या मास्तरांचं टक्कल. सकाळी ते पेपर वाचतात आणि मी मागे उभी राहून वाघ काढते. समोरच्या आरशात वाघ सरळ दिसलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट, त्यामुळे मला तो उलटा काढावा लागतो. पहिल्या वाघाला दहापैकी दोन गुण मिळाले, तेही टापटिपीचे. काल ते तसेच उठून दार उघडायला गेले. गॅसवाल्याने सगळा हिशेब वाघाशी बोलून केला.

मी ते टेबल सोडणार नाही, एवढंच कळवायचं होतं. लोभ आहे तो दाटच ठेव, पातळ करू नकोस.

तुझी,
बारकी

९ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

मास्तरांच्या डोक्यावर काय वाटेल ते काढ, तिथे बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. मुलांचे चेहरे मात्र सोड.

चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली. मूल क्षणभरही स्थिर बसत नाही. एक हात थरथरणारा, दुसरा नवशिका, आणि मध्ये कुणाच्या तरी पोराचा डोळा. काही झालं तर ती आई तुझी अकरा वर्षं बघणार नाही. आणि डोळ्याला नाही लागलं तरी लोक हसतील, ते वेगळंच. बूट-छत्र्या सांभाळणं वाईट नाही. गोळ्या वेळेवर घे. मास्तरांना सांग, दार उघडताना टोपी घालावी.

माया आहे म्हणून टोचते. ती तशीच राहील.

ताई

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार फक्त तुझ्या वयाला, बाकी कशाला नाही.

काल चिटणीसांकडे भांडायला गेले. त्यांनी खण उघडला आणि एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. अक्षर वॉर्डातल्या चादरीसारखं, एक सुरकुती नाही. तारीख वीस ऑक्टोबर. म्हणजे माझ्या बहिणीला यंदा चेहरे रंगवायला बसवू नये, हे तू मला सांगायच्या कितीतरी आधी त्यांना कळवलंस. मला उपदेश करतानाही त्याबद्दल चकार शब्द नाही! मी चिटणीसांना नाही नाही ते बोलून घेतलं होतं, ते सगळं पत्ता बदलून आता तुला पाठवते. तू मला भरवलंस, आंघोळ घातलीस, केस विंचरलेस. त्या दोन महिन्यांत तू मला इतकं आजारी बघितलंस की अजून अंथरुणातच ठेवलं आहेस.

डोळ्यांचं मात्र तुझं खरं आहे, म्हणून सांगते. गालाच्या वर कुंचला नेतच नाही. तिथे स्पंज आणि बोट.

दुसरी फजिती तू विचारायच्या आधी सांगते. शेजारची मुलगी सरावाला समोर बसवली, तर माझ्या हाताने मिशा कपाळावर काढल्या आणि कान हनुवटीला. मास्तरांच्या आरशापायी डावा हात सगळं उलटंच शिकला आहे! पुन्हा शिकवायला वेळ नाही. मग मीच जागा बदलली. स्टुलावर मी, पुढ्यात बुटक्या पाटावर मूल, मान मागे टेकून डोकं माझ्या मांडीवर. तिचा चेहरा मला उलटा, म्हणजे माझ्या हाताला सुलटा. शिवाय डोकं हलत नाही. चोवीस तारखेला मेळाव्यात मी रंग घेऊन जाणार आहे. संघाला कळवायचं असेल तर पोस्टाची वेळ अजून गेलेली नाही.

लोभाबद्दल सध्या काही लिहीत नाही.

बारकी

१८ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र लिहिलं ते लिहिलं. मागे घेणार नाही. मार्चमध्ये तुझा हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. तो उचलून मी परत पांघरुणात ठेवला. तुला आठवत नाही, मला आठवतं.

जाणारच असशील तर प्रत्येक मुलाला नवा स्पंज घे. रंग आधी मनगटाला लावून बघ. दर अर्ध्या तासाने उठून चाल.

रागावलीस तरी चालेल, न जेवता रागावू नकोस.

ताई

२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गेले. बूट-छत्र्या एका बाजूला सारल्या आणि टेबलावर रंग मांडले. तासभर कुणी फिरकलं नाही. समोर सूनबाईंकडे रांग होती. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा एक साचा, त्यातून एकच निळं फुलपाखरू. साचा ठेवला, रंग थोपटला, पुढचा! तासाभरात मैदानावर साठ-सत्तर मुलं, सगळ्यांचा चेहरा एकच. संघाला एकी हवीच असते.

मग व्हायचं तेच झालं. एका बाईने गर्दीत भलत्याच फुलपाखराचा हात धरला आणि तिचं स्वतःचं फुलपाखरू रडत, हुंदके देत माझ्या टेबलावर जमा झालं. नियमाने माझ्याच खात्यात. पोर नाव सांगेना. मी तिला पाटावर बसवलं, डोकं मांडीवर घेतलं, खाली आधाराला उजवा हात. तोच, थरथरणारा. ताई, ती पोर त्या थरथरीने गप्प झाली गं. पाळणा हलावा तशी. मी फुलपाखरू पुसलं आणि विचारलं की तुला काय व्हायचंय. ती म्हणाली, खार. डाव्या हाताने खार काढली. पट्टे थोडे वाकडे आले, पण खारही कुठे सरळ चालते?

तेवढ्यात चिटणीस आले आणि ज्या टेबलाचं काम त्याच टेबलाने करावं असं सुनावू लागले. मी सांगितलं की मी माझंच काम करते आहे. हरवलेलं मूल आईला ओळखू यायला हवं, म्हणून प्रत्येकाला वेगळी खूण करते. ते काही बोलणार, इतक्यात ती आई धावत आली, मुलीला उराशी धरलं आणि चिटणीसांना विचारलं की सगळ्या मुलांना एकाच शिक्क्याने छापायची अक्कल कुणाची. सूनबाई ऐकत होत्या. चिटणीसांना अचानक लाउडस्पीकर बघायची आठवण झाली.

त्यानंतर अंधार पडेपर्यंत रांग माझ्याकडे. तेवीस चेहरे. सगळे जमले असं नाही. घुबड मागणाऱ्याला मी जवळजवळ मास्तरच काढून दिले. एकजण मोठ्याने हसला, मोठं माणूस होतं. मी त्यालाही पाटावर बसायला सांगितलं, तर पळाला. दर अर्ध्या तासाने उठले, स्पंज नवे घेतले. तुझ्या धाकाने नव्हे, तुझं बरोबर होतं म्हणून. ते पत्र मात्र बरोबर नव्हतं.

लोभ परत सुरू केला आहे. जपून वापर.

बारकी

२ डिसेंबर

चि. बारके,

हे मुद्दाम डाव्या हाताने लिहिते आहे. या चार ओळींना सकाळ गेली. अक्षर बघतेसच, कोंबडी नाचल्यासारखं.

चिटणीसांनाही याच हाताने लिहिलं. माझं आधीचं पत्र फाडून टाकावं, आणि पुढच्या वर्षी चेहऱ्यांचं टेबल ज्याचं त्याला द्यावं. त्यांना ते वाचता येणार नाही. घेऊन तुझ्याकडेच येतील.

मोठ्याने वाचून दाखव.

ताई