सदुसष्टावं पाकीट

पाकिटाच्या कडेने आत्ताच जीभ कापली आहे, मामा, म्हणून नमस्कार लिहूनच करतो. तीर्थस्वरूप मामांना आणि मामींना साष्टांग. मी ठीक आहे. मामींचे गुडघे आणि तुमचं जुनं मशीन कसं आहे? (दोन्ही थंडीत कुरकुरतात, असं मागच्या फोनवर कळलं.)

मला लिहायची नोकरी लागली, हे तुम्ही कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता. मी काय लिहितो ते मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. इंग्रजीची पदवी घेतल्यावर अडीच वर्षं मी बँकेला पत्रं लिहीत होतो. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता या महिन्यात जमत नाही, अशी. एकूण अकरा. पहिलं साधं होतं. सहाव्यात हवामान आलं. नवव्यावर मी चार दिवस खपलो (कॉलेजच्या तीन वर्षांत एवढं मन लावून काही लिहिलं नव्हतं). अकराव्यानंतर वसुलीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. अटक झालीच तर निदान बरा दिसावा, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेबांसमोर माझी पत्रं ओळीने टाचून ठेवली होती. "कुणाकडून लिहून घेतलीस ही?" मीच लिहिली म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मग वाया कशाला घालवतोस? आमच्या नोटिसा कुणी वाचतच नाही रे. वकिलाने लिहिल्यात. तू लिही."

तेव्हापासून मी नोटिसा लिहितो. नमुने तीन: पहिला आठवणीचा, दुसरा खेदाचा, तिसरा जामीनदारासाठी. तिसरा उत्तम उतरलाय, असं साहेब म्हणतात. तो वाचून माणसं भांडत नाहीत, सरळ येऊन पैसे भरतात. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीवर विचारलं, "हे लिहिणारा कोण हो?" वरून येतं, म्हणालो. "सभ्य माणूस दिसतो," त्या म्हणाल्या. (माझ्या पदवीचं एवढं उघड कौतुक हे पहिलंच.)

पगारातून चालू हप्ता जातो, खोलीचं भाडं जातं, उरलेल्यात मी जातो. मागचे तीस हप्ते जागच्या जागी आहेत, व्याजाने जरा अंगाने भरलेत. त्यावरून आठवलं, कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी तुम्ही शिवलेली पँट मी अजून घालतो. कमरेला दोन बोटं जास्त ठेवली होतीत. शिकलेली माणसं सुटतात, म्हणालात. ती दोन बोटं अजून रिकामीच आहेत.

आज तिसऱ्या नमुन्याची एकशे बारा पाकिटं भरायची होती. सदुसष्टाव्यावर तुमचं नाव होतं. आत लिहिलंय की पंधरा दिवसांत थकबाकी आली नाही तर दुकान आणि दोन्ही मशिनं जप्त होतील. वाक्य माझं आहे, पण अट जुनीच, कर्जाच्या कागदावरची. तो कागद आठवतो का तुम्हाला? कापड कापायच्या टेबलावर पसरून तुम्ही तेरा ठिकाणी सह्या केल्यात. प्रत्येक सहीआधी विचारलंत, "इथं काय लिहिलंय रे?" मी अठरा वर्षांचा होतो. घरात इंग्रजी मलाच येतं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मी म्हणालो, "काही नाही मामा, नेहमीचंच." तेराही वेळा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली.

आता कळतं. शिक्षणाच्या खर्चासमोर त्यातली कमाई मांडायला बसलो, तर कमाईच्या बाजूला हे एवढंच येतं. ती अट मला शब्दन् शब्द समजते, आणि मूळ कागदापेक्षा चांगली लिहिता येते.

तुमचं पाकीट चिकटवलं आणि ढिगात ठेवलं.

तुमचा भाचा

ता. क. वर खोटं लिहिलं. पाकीट ढिगात नाही. तुम्ही शिवलेल्या त्याच पँटच्या खिशात आहे. खिसा खोल ठेवलात, ते बरं झालं.

आणखी एक, खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. पाकीट आज ना उद्या येईलच. हल्ली इंग्रजी कागद आला की तुम्ही शेजारच्या औषधवाल्याकडे वाचायला नेता. हा नेऊ नका. तो भरभर वाचतो. टेबलाच्या खणात ठेवा. रविवारी मी येतो. या वेळी सगळं वाचून दाखवीन.

सकाळी. साहेबांनी पाकिटं मोजली. एकशे अकरा भरली. त्यांनी विचारायच्या आत मी खिशातलं काढून दिलं. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते परत माझ्या हातात देत म्हणाले, "चुरगळलंय. दुसरं कर." मी दुसरं केलं. दहाच्या टपालाने गेलं.