शिसपेन्सिलीच्या सहा खुणा

औरंगाबाद. मंगळवार, निजामाच्या फसली सालातला बहमन महिना.

डोकं अजून तापलेलंच आहे. वाचनालयाच्या अप्पांनी आज पुस्तक परत घेताना समासातल्या माझ्या खुणा पाहिल्या. शिसपेन्सिलीच्या, सहा. पुण्याहून आलेलं छापील पुस्तक, आणि त्यात बाईला पुरुषाचं क्रियापद, वाक्यं मधेच लंगडी! गप्प कसं बसायचं?

अप्पा म्हणाले, "गुरुजी, छापणारे काय येडे हायेत व्हय? खुणा खोडा, नाय तर दुसरं पुस्तक मिळणार नाय." आणि रबर पुढं सरकवलं.

पुस्तकं बंद झाली तर मी करू काय? एक खूण खोडलीसुद्धा. मग आठवलं. लग्नानंतर सासऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं, त्यात असंच लंगडं वाक्य होतं. त्यांनी ते चारचौघांत वाचून दाखवलं. लई हसले सगळे. माझी शाळा सगळी उर्दूत झाली. मराठी मी वाचनालयाच्या ह्याच कपाटातून शिकलो, असल्याच पुस्तकांतून. आता माझ्या वर्गातली पोरंही इथूनच शिकतात.

रबर खाली ठेवलं. खोडलेली खूण पुन्हा केली, जरा दाबूनच. म्हटलं, "नका देऊ पुस्तक." आणि उठलो.

दाराशी चपला घालत होतो, तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला, अगदी हळू. "गुरुजी, ह्या पाचव्या खुणेच्या ओळीत चूक काय हाय? मला तर बरोबरच वाटतंय."

चपला काढल्या आणि परत आत गेलो.