आधी दोर बांधायचा

एस्कलांटे, युटा
६ सप्टेंबर १९८८

चि. नेडा हिस,
ताईचे अ. उ. आ.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन बाबांच्या उशाशी आहे. अर्धांगाने त्यांची जीभ जड झाली तरी कान चांगले तिखट आहेत. म्हणून पत्र. ऑक्टोबर लागला की आपण दोघींनी घळीत जायचं. पूर्वीसारखा वाळवंटात तंबू ठोकायचा आणि शुक्रवार ते सोमवार तिथेच राहायचं. मी सगळं ठरवलंय. पाण्याचे कॅन धुतले, बिडाचं पातेलं घासलं, अंगणातले पीच बरण्यांत भरले. निखाऱ्यावर त्यांचं गोड करू. तू फक्त बूट आण. मागच्यासारखे शहरी चोचल्याचे आणलेस तर रांजणात ढकलून देईन.

तो रांजण आठवतो ना? घळ अरुंद होत होत दोन्ही खांदे खडकाला घासायला लागतात आणि पुढे पाण्याने कोरलेला तो खोल खड्डा. उतरायला सोपा, पण एकट्याने वर येणं अशक्य. मी खाली उभी आणि तू माझ्या खांद्यांवर चढून वर. वर गेलीस की दोर विसरून सरडे बघत बसायचीस. मग बाबा ओरडायचे की वर गेलेल्याने आधी दोर बांधायचा, मग काय ते बघायचं.

शेजारच्या थोरामावशी बाबांजवळ बसायला तयार आहेत. नेडा, आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी या घराबाहेर एक रात्र काढलेली नाही. आई गेली, मग बाबांचं सुरू झालं. हल्ली स्वयंपाकघरात उभी असले तरी भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. नाही म्हणू नकोस.

ग्लेनला नमस्कार, मुलांना पापा.
तुझी,
आर्डिस

सॉल्ट लेक सिटी
१३ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

येणार म्हणजे येणारच! शाळेत रजा टाकली. ग्लेनचं म्हणणं असं की आपण तंबू उभा करायच्या आतच भांडून परत फिरू. मी त्याला सांगितलं की भांडायलाच तर चाललोय, घरी कोण एवढं निवांत भांडू देतं?

नवा दोर घेतलाय, लाल रंगाचा. पावसाचं मात्र तू बघ. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी पठारावर ढग दिसला तर तिथल्या पावसाचा लोंढा घळीत येतो, पाऊल टाकायचं नाही, हे मी विसरलेले नाही. बूटही विसरणार नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग. तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझी,
नेडा

एस्कलांटे
२१ सप्टेंबर

चि. नेडा हिस,
अ. उ. आ.

आपलं सगळंच ओमफस झालं. सवय व्हावी म्हणून काल दुपारी थोरामावशींना बाबांजवळ बसवून मी मुद्दाम बाहेर पडले. कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहून कान देत होते. बाबांनी दात आवळले ते आवळलेच. शेवटी चमचा भिरकावला आणि मावशींच्या चर्चच्या झग्यावर सूप सांडलं. आज चर्चमधल्या दुसऱ्या बाई चीज घातलेले बटाटे घेऊन आल्या, त्यांचीही तीच गत. लेकीच्या हातचंच खायचं, असा हट्ट.

म्हणजे लेकींपैकी एकीला घरी राहावं लागणार. कोणी, ते तूच सांग.
वाट बघते,
आर्डिस

सॉल्ट लेक सिटी
२६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून फार वाईट वाटलं. असं करू या का, वसंतात जाऊ. तोवर बाबांना थोडं बरंही वाटेल. इथे धाकट्याचे सामने आहेत, ग्लेनही दौऱ्यावर जाणार आहे. दोर पार्सलने पाठवतेय, तुझ्याकडे राहू दे. तू आपल्या दोघींत धीराची, हे मी सगळ्यांना सांगत असते.

रागावू नकोस, लोभ राहू दे.
तुझी,
नेडा

एस्कलांटे
१ ऑक्टोबर

नेडा,

दोर पोचला. मी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवलाय आणि त्याच्याकडे बघत बसलेय.

बाबा बरे होणार नाहीत. हे तुला माहीत आहे, मलाही. मागच्या वसंतातही तू पुढच्या वसंताचं सांगितलं होतंस. मी धीराची नाही गं, मी अडकलेली आहे. तू कॉलेजला निघालीस तेव्हा मी आनंदाने खांदे पुढे केले. तू हलकी होतीस, तूच वर जायला हवं होतंस. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण वर गेलेल्याने पार्सलने दोर पाठवायचा नसतो.

तू माझ्याबरोबर येऊ नकोस. मावशी येतील माझ्याबरोबर. तू इथे येऊन बस.
आर्डिस

एस्कलांटे
९ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पेट्रोलच्या दुकानातल्या बाईंकडे ठेवतेय. परत येताना तू तिथे थांबशीलच.

शुक्रवारी तुमची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि तासाभरात बाबांनी माझ्याही अंगावर सूप उडवलं. लेकीच्या हातचं खातात म्हणे! त्यांच्या लेखी लेक एकच, ती वाळवंटात गेलेली. काल दिवसभर पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. मी खुराड्यामागे जाऊन रडले. तिथली माती पायांनी इतकी दाबलेली का आहे, ते तेव्हा कळलं. आणि भिंती खरंच जवळ सरकतात गं.

संध्याकाळी बाबा खिडकीकडे बघून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला कळेना, ते चिडले, मीही चिडले. मग लागलं. दोर. तू दोर नेलास का, हे त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं की नेलाय, नवा आहे, मावशी बरोबर आहेत, पठारावर एक ढग नाही. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. वाटीभर सूप प्यायले.

आता नीट ऐक. उद्या घरी यायचं नाही. मी मुख्याध्यापकांना घरी फोन करून नाताळपर्यंत रजा घेतली. ग्लेन दौरा पुढे ढकलून मुलांना करपलेलं खाऊ घालेल, मरत नाहीत ती. मावशींची बहीण समुद्राकाठी राहते, तुला कधीपासून बोलावतेय. तशीच तिकडे जा. नाताळानंतरचं आपण दोघी मिळून ठरवू. आता ही पाळी दोघींची.

या वेळी मी सरडे बघत बसले नाही. दोर बांधलाय, ओढूनही बघितलाय. आधी वर ये, रागलोभ मग.

तुझी,
नेडा