तिसरी खाच

३ मार्च
नवी नोकरी, नवं घर, खिडकीत सकाळचं ऊन. पन्नाशीच्या तोंडावर देवाने बरं दान पदरात टाकलं. काम सोपं आहे : ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख पाहायचे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड केसभर कमी होतो, रेघेत खाच पडते. यंत्र फसतं, म्हणून माणसाचा डोळा हवा. मोठ्या बाई इथल्या प्रमुख. त्यांनी नियम सांगितला : सारख्या अंतराने तीन खाचा दिसल्या की ग्रह कायमचा तिथला झाला, मग नोंद करायची. खाच मात्र कधी पुसायची नाही. बायको म्हणाली, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस आता ग्रह शोधणार!

५ मार्च
एक सापडणार असं दिसतंय. पृथ्वीहून लहान. ताऱ्याला इतका चिकटलेला की त्याचं वर्ष सहा तासांत संपतं. बाई म्हणाल्या, तिथे दगडसुद्धा उकळतो. ग्रह फेरीगणिक झिजतो, मागे राखेची शेपटी सांडत जातो. मला गावाकडच्या गाईच्या कानातला टम्म गोचीड आठवला. लहानपणी तो ओढून दगडाखाली चिरडायचो. बोटांचा वास दोन दिवस जात नसे. आज तोच वास आला. जेवणाआधी दोनदा हात धुतले.

६ मार्च
कालच्या ग्रहाच्या दोनच खाचा झाल्या होत्या. तिसरी पाहवेना. दोन्ही पुसल्या आणि ‘कचरा’ असा शेरा मारला. बाईंनी विचारलं तेव्हा काही नव्हतं म्हणालो. संध्याकाळी देवासमोर बसलो, पण हात जोडवेनात. बोटं तेलकट लागत होती.

७ मार्च, सकाळी सहा
बायको खिडकीशी चहा पीत होती. तिच्या उजव्या डोळ्यातून एक काळा कण सरकत गेला, डावीकडून उजवीकडे. डोळ्यातलं तेज क्षणभर मंदावलं.

दुपारी बारा
पुन्हा. तोच डोळा. गालावर ओली राख. तिने हाताने पुसली — जळक्या चरबीचा वास. हसून म्हणाली, या वयात काय डोळ्यांत बघत बसलाय!

एक वाजता
बाईंना फोन केला. खाचा पुसल्याचं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, मग आता तो कुणाच्या डोळ्यात गेला?
डोळ्याचं मी बोललोच नव्हतो.

चार
कचेरीत धावलो. खाचा परत टाकून पाहिल्या — रेघ घेईना. सपाट. सपाटच —

सहाला दोन मिनिटं
तिला डोळे मिटायला सांगितलंय. समोर बसलोय. देवा, पुसलं मी — हिचं काय चुकलं —
उजवी पापणी फुगतेय. टम्म. आत काहीतरी — डावीकडून —