शिडी धरायला माणूस हवं

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि तुमची उंच शिडी कुणी उसनी नेली नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढी ओळ पूर्ण केली. आता खरं लिहितो. मी घाबरलो आहे. (अक्षर थोडं हललेलं दिसेल. एरवी बोर्डावर हातभर अक्षरं मी डोळे मिटून काढतो, ते तुम्हीच शिकवलंय. चुका मात्र सापडणार नाहीत. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटलेलं नाही, आणि पत्र तीनदा तपासलं आहे.)

कारण आमची धाकटी. आधी तिची शाळा सुटली, मग मैत्रिणी, मग बोलणं. आता खोलीचं दार लावून असते. ताट दाराशी ठेवायचं आणि अर्धं भरलेलं उचलून आणायचं. आई म्हणते, वयच तसं आहे. बाबा म्हणतात, मोबाईल. मीही काहीतरी म्हणालो असतो, पण परवा-परवा ती पाणी घ्यायला बाहेर आली आणि नळाला पाणी आलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "दादा, मी नसते तर ही खोली तुला मिळाली असती, नाही?" मी म्हणालो, "हो, पण उजेड कमी आहे." (मूर्ख.) अर्थ डोक्यात शिरेपर्यंत ती पुन्हा आत गेली होती. तेव्हापासून धोक्याची वाटेल ती वस्तू मी घरातून माझ्या बोर्ड रंगवायच्या दुकानात हलवतो आहे: टर्पेंटाइन, औषधांचा डबा, बाबांचं दाढीचं सामान. डोकं दुखलं की आईला गोळीसाठी दुकानात यावं लागतं. बाबा तर ओळखू येईनासे झालेत. पण सामान गेलं कुठे, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. मामा, मला त्या न विचारण्याचीच जास्त भीती वाटते.

मदत शोधायला निघालो. डॉक्टरांनी तिला न बघताच टॉनिक दिलं. (ते मीच पितो.) मदतीच्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडून एक बाई इतक्या मायेनं "बोला, मी ऐकतेय" म्हणाल्या की घाबरून माझ्या तोंडून "राँग नंबर" निघालं. त्या म्हणाल्या, "असू दे, तरी बोला." मी फोन ठेवला आणि त्याच्यावर उशी ठेवली.

मग बाजारामागच्या गल्लीत तो बोर्ड दिसला: 'मानसीक आरोग्य व कुटूंब सल्ला केंद्र'. एका ओळीत दोन चुका! 'सि' ह्रस्व हवा, यांनी दिर्घ काढलेला. 'टु'चीही तीच गत. ज्यांना मानसिक लिहिता येत नाही ते मनाचं काय बघणार, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, केवळ चूक नीट बघायला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिडी, ब्रश आणि रंग घेऊन गेलो. माणसाला आत जायला काहीतरी कारण नको का?

केंद्राच्या बाई दारात आल्या. चूक दाखवली तर हसल्याच. "वर्ष होत आलं हा बोर्ड लावून. इथे येणारा प्रत्येक जण मान खाली घालून येतो हो, वर कोण बघणार?" मग त्यांनीच माझी शिडी धरली. मी वर चढून वेलांटी खरवडायला घेतली आणि बोर्डाकडे तोंड करून, एका ओळखीच्यांच्या घरात एक मुलगी आहे, अशी सुरुवात केली. त्यांनी विचारलं, त्या घरात सगळ्यात जास्त कोण घाबरलंय? मी म्हणालो, शिडी हलतेय. त्या म्हणाल्या, "शिडी मी घट्ट धरलीये. हलताय तुम्ही." मामा, एक वेलांटी आणि एक उकार बदलायला मी अख्खी दुपार घालवली आणि सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, वस्तू हलवल्यात ते बरं केलंत, आता तिला सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भलतं शिरत नाही. घरी येऊन मी दाराबाहेरून तीन वेळा पाणी हवं का विचारलं. मग एकदाचं विचारलं, तुला मरावंसं वाटतं का? मग आतून, "कधी कधी." मी दाराला पाठ लावून खाली बसलो. थोड्या वेळानं पलीकडून कुणी टेकल्यासारखं दार किंचित सरकलं. तिथूनच बाईंना फोन केला. (राँग नंबर म्हणालो नाही.) त्या लगेच आल्या, दाराआडून तिच्याशी बोलल्या, मध्येच काही झालं तर कुणाला हाक मारायची ते सांगून गेल्या आणि गुरुवारी सगळ्या घराला बोलावलं.

बाबा कडाडले, "पोरीला वेडी ठरवतोस? रंगाच्या वासानं तुझंच डोकं फिरलंय!" मग जरा वेळानं दाढी खाजवत म्हणाले, "त्या गल्लीत आपल्या ओळखीचं कुणी राहतं का रे?" शेवटी तडजोड झाली. ते येतील, पण रंगारी म्हणून. त्यांच्या हातात डबा, आईच्या हातात चिंध्या.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. म्हणून तुमची उंच शिडी बुधवारपर्यंत घेऊन या. एवढ्या मोठ्या टोळीला माझी शिडी शोभत नाही.

ता. क. दुसरा: शिडी राहू द्या, मामा. तुम्ही या. बाबा दार लावून बसत नाहीत एवढंच, बाकी तेही आतच आहेत, आणि त्यांना फक्त तुमची हाक ऐकू येते. धाकटी येईल का, हे तिला विचारायचा मला धीर होत नाही.

ता. क. तिसरा: तिच्या पाठीमागे काही करायचं नाही, असं बाईंनी बजावलंय, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र दाराखालून आत सरकवलं. बाहेर उभं राहून माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. परत आलं तेव्हा एका शब्दाभोवती पेन्सिलनं गोल केलेला होता आणि समासात तिचं अक्षर: "'दिर्घ' नाही, 'दीर्घ'. मोठा आलाय बोर्ड सुधारणारा." त्याखाली अगदी बारीक: "मामांना शिडी आणायला सांग. धरायला मी येते."

चूक मी तशीच ठेवली आहे, तुम्हीही सुधारू नका. शिडी आणा.