सोन्याला पुरलं तेव्हापासून

ता. ३ डिसें., बुध.
आमचा सोन्या बैल गेला. आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, बाभळीला बांधलेला होता. सकाळी हे चारा टाकायला गेले तर दावं तुटलेलं, कापसाच्या पऱ्हाटीतून नाल्यापर्यंत ओढत नेल्याची खूण. मानेला भोकं, मागची मांडी खाल्लेली. जोडीचा खंड्या शेजारच्याच बाभळीला, अंगावर ओरखडा नाही, नुसता थरथरत उभा.
ह्यांनी दुपारी बांधाकडेला खड्डा घेतला. पोळ्याची झूल घातली, मीठ टाकलं. मी हळद-कुंकू लावलं. "माझा बैल कोल्ह्याकुत्र्यांनी फाडायचा न्हाई," म्हणाले आणि रडले. ह्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं.

ता. ४, गुरु.
वनखात्याच्या गार्डबाई आल्या. नाल्याच्या चिखलात पाऊल, माझा पंजा आत मावला. "बिबट्या न्हाई ताई, पट्ट्याचा वाघ हाय. तरणा नर." आईपासून सुटला की असा एकटाच नदी धरून फिरतो म्हणे, स्वतःचं रान शोधत. दिवसा पाण्याजवळ झोपतो. येलदरी धरणाच्या पाण्याकडून आला असेल.
मग विचारलं, बैल कुठाय? पुरला म्हणलं तर कपाळाला हात. "अहो, एका खाण्यात त्याचं भागत नसतं. राखून ठिवतो, फिरून येतो, संपलं की पुढं जातो. तुमी भरलं ताट उचललं की! आता दुसरं बघंल."
हे भडकले. "माझा बैल म्हंजे ताट?"
मला दोघांचंही पटलं. आता काय करावं अशा डोक्याला!

ता. ६, शनि.
वाघ येऊन गेला. सोन्याच्या जागेभोवती पावलं, थोडी माती उकरलेली, बाजूचं गवत दबलेलं. बसला होता वाटतं. उपाशी असेल, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. सोन्या खाल्लाय त्यानं!
वेचणीला एक बाई यायला तयार नाही. कापूस लोंबतोय.
खंड्याला गावात घरापाशी आणलं. वैरणीला तोंड लावत नाही. शेताच्या वाटेकडं तोंड करून उभा.

ता. ९, मंगळ.
हे हरभरा बघून आले, चेहरा चमत्कारिक. "डुकरं आली न्हाईत. रोही बी न्हाई. एक शेंडा खुडलेला न्हाई."
दरवर्षी निम्मा हरभरा डुकरांच्या आणि ह्या नीलगाईंच्याच घशात. कुंपणाला साड्या बांधल्या, डबडी वाजवली. डुकरं माझ्या लग्नातल्या साडीखालून ऐटीत यायची.
जाऊबाई म्हणे, "मंग ऱ्हाऊ द्या की त्याला! राखण करायलाय, पगार बी मागत न्हाई."
लय हसलो. तेवढ्यात खंड्या हंबरला.
वाघ जावा की राहावा? देवापुढे दिवा लावला, पण मागायचं काय तेच...

ता. १३, शनि.
खंड्या.
पहाटे दावं तोडून शेतात गेला. दुसरीकडे कुठे जाणार, सोन्यापाशीच. तिथंच पडला होता. थोडाच खाल्लेला.
गार्डबाई हात जोडून उभ्या. "हलवू नका. पाया पडते. ह्या खेपेला त्याला खाऊन जाऊ द्या."
हे खोरं घेऊन उभे, पण खणेनात. माझ्याकडं बघून म्हणाले, "तूच सांग."
मी कोण सांगणारी? कुंकू लावलं. त्याची झूल काखेत होती, ती घातली नाही. "चला घरी," मीच म्हणाले. कसं म्हणाले माहीत नाही. गोठ्यात कालवड आहे, जाऊबाईंची गाय आहे, एवढंच डोक्यात होतं. ह्यांनी खोरं तिथंच टाकलं.
वाटेत हे बोलले, "सोन्याला माती दिली. ह्या खंड्यानं काय वाईट केलतं?"
 
ऊन कलायला लागलंय. वाघ नाल्यात उठला असेल. पोटभर खा आणि जा बाबा, असं म्हणावंसं वाटतं, पण जीभ उचलत नाही. झूल मांडीवर घेऊन बसलेय.
हे उंबऱ्यात आहेत. आत्ताच म्हणाले, "आजून उजेड हाय. जाऊ का माती द्यायला?"