डावीकडच्या बाकांच्या ओळी

१० फेब्रुवारी, सोमवार
खट्-खट्-खट्! पाट्यांवर पेन्सिलींचा ठेका. अकोल्याच्या शाळेतला चौथीचा वर्ग — उजवीकडचे बाक एक ओळ म्हणणार, डावीकडचे पुढची. पहाटे अंथरुणातच ऐकू आला. साठ वर्षं झाली!

पंचाईत अशी, की मी उजवीकडचा. पळसाची कविता मला एकाआड एकच येते. ‘माळावरती पळस पेटला—’ आणि पुढे शांतता. डावीकडच्यांच्या ओळी आम्ही कधी पाठच केल्या नाहीत.

आता पुरी ऐकायची आहे, याच पळसाच्या मोसमात! २३ तारखेला अमरावतीत, आमच्या घरी वर्ग भरवतो.

११ फेब्रुवारी
शाळेच्या कचेरीतल्या ललितने जुन्या विद्यार्थ्यांचा-शिक्षकांचा तक्ता पाठवला. शेकड्यांनी नावं! निवडलेल्यांना एकदम निरोप जाईल असा प्रोग्राम मीच लिहिणार. सूनबाई, दामिनी, कॉलेजात हेच शिकवते. मी तिचा विद्यार्थी. फी — सकाळचा चहा मी करायचा.

अडलं मात्र. नावावर टिचकी मारली की तेवढाच चौकोन निळा होतो. बाजूचं गाव, जन्मसाल, फोन पांढरेच. माणूस असा तुकड्याने निवडतात होय!

१३ फेब्रुवारी
झालं! कुठेही टिचकी मारा, अख्खी ओळ निळी! मी एवढ्याने ओरडलो की दामिनी पळत आली.

“काय झालं बाबा, पडले काय?”

पण दुसरी ओळ धरली की पहिली सुटते. “एकच धराची का अनेक, हे त्याले आधी सांगा लागते ना.” सांगितलं. आता धरून ठेवतो. गुणी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
वर्गातले आठ जण निवडले. त्यात ताहेर — डाव्या बाकांचा म्होरक्या, अजून अकोल्यातच. निळ्या ओळी पाहून जवस फुलल्यासारखं वाटलं.

पाठवणार तोच आठवलं, बोलावणं मोठ्यांपासून द्यायचं असतं. धाकट्याला आधी गेलं की थोरले रुसतात. मग साऱ्या तक्त्याचा वयाने क्रम लावला, मोठे वर. निरोप पाठवून तक्ता बंद केला. मान राखला सगळ्यांचा!

१८ फेब्रुवारी
ताहेरचा फोन. “काहून बे सूर्यभान! ललित सांगून राहिला तुह्या घरी वर्ग हाय. मले बोलावणं नाही?”

लगेच इतरांना विचारलं. आठातल्या एकालाही निरोप नाही!

दामिनी हसून हसून खाली बसली. “बाबा, तुमी माणूस नाही धरला, ओळीचा नंबर धरला! क्रम बदलला, माणसं हलली, निळा रंग जागच्या जागी.”

म्हणजे त्या जागांवर जे कोणी येऊन बसले, त्यांना गेलं बोलावणं! कोणाला? तक्ता बंद केला तसा निळा रंगही गेला. “पाठवल्याची नोंद ठेवा, असं कुठं लिहिलं तुमी?” नाहीच लिहिलं.

कळलं असतं तरी काय? बोलावलेल्याला येऊ नका म्हणायचं? आमच्याकडे?

“पोहे जास्तीचे भिजवते,” दामिनी म्हणाली.

२० फेब्रुवारी
दुरुस्ती केली. प्रत्येकाला त्याची स्वतःची खूण दिली. क्रम कसाही लावा, निळा रंग आता माणसामागे जातो. दोनदा करून पाहिलं, नुसत्या आनंदाने.

मग आठही जणांना फोनवरच बोलावलं. ताहेर म्हणाला, “येतो. पन त्या ओळी मले बी आठवून नाही राहिल्या बे. मले वाटलं, तुले असतील पाठ.”

डावीकडच्या बाकीच्यांनाही विचारलं. कोणालाच नाही.

२२ फेब्रुवारी
आज संगणक उघडला नाही. अर्धी तर अर्धी, म्हणू!

२३ फेब्रुवारी, रविवार
आत येऊन घाईघाईत लिहितो. ताहेर सकाळीच आला, पोह्यांना नावं ठेवत दोनदा घेतले. बाकीचे यायचेच होते, तोच बेल वाजली. दारात कौशल्याबाई! चौथीत आम्हाला कविता शिकवणाऱ्या! ऐंशी उलटल्या आहेत. नातीचा हात धरून मोर्शीहून आल्या. “निरोप आला ना बाबू तुहा.” आम्ही दोघं म्हातारे हात बांधून उभे! बाईंनी चपला काढता काढताच फर्मावलं, “उजवीकडचे, सुरू करा. डावीकडच्यांनो, अडले की मी सांगते.”